आडसाली पोरं, सुरू पोरं

कोल्हापुरात खासबागेच्या बाजूला मिसळीच्या एका दुकानात गेल्या पावसाळ्यात झालेलं हे बोलणं. समोरचे गृहस्थ कागल तालुक्यातले, ऊसवाले, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. धाकट्या मुलाची एमबीबीएसची सरकारी जागा थोडक्यात हुकलेली. कट पुन्हा मागवून घेत ते म्हणाले, "सर, तुम्ही गणिताचं. आकडा कधी खोटं बोलतो व्हय? आमचं पोरगं बाहेर, आन् त्यांच्यातलं शंभर मार्क कमी पाडून आत. म्हंजे डोकं कुणाचं चालतंय ते कळलंच की."

आकडा खोटं बोलत नाही हे खरं. पण त्याला कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण त्याच्या तोंडी घालतो, आणि वर साक्षीदार म्हणून त्यालाच उभं करतो. जून-जुलै आला की कोल्हापुरात घरोघरी हेच चालतं. नीटचा निकाल, सीईटीचे पर्सेंटाइल, प्रवेशफेऱ्यांच्या (कॅप राऊंड) याद्या, आणि प्रत्येक यादीखाली तोच शेरा: त्यांचा कटऑफ बघा, आमचा बघा. कनिष्ठ महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र शिकवण्यात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. या शेऱ्यात गणिताच्या इतक्या चुका आहेत की जात, आरक्षण, न्याय वगैरे मोठे शब्द काढायच्या आधीच तो कोसळायला हवा. तो कोसळत नाही, कारण कटऑफ हा आकडा नेमका कशाचा, हे विचारायला कुणी थांबत नाही.

कटऑफ ही गटाची सरासरी नसते. त्या गटासाठी ठेवलेल्या शेवटच्या खुर्चीवर जो बसला, त्या एकट्याचे ते गुण. खुर्च्या किती, बसायला आलेले किती आणि वरून कितीजण आधीच उठून गेले, यावर तो ठरतो. आपल्या राज्यात राखीव प्रवर्गातला विद्यार्थी खुल्या यादीत बसण्याइतके गुण मिळवतो, तेव्हा त्याची जागा खुल्यातून धरली जाते. म्हणजे त्या समाजातली सगळ्यांत पुढची पोरं 'ओपन'च्या यादीत जमा होतात आणि 'त्यांच्या' कटऑफमध्ये दिसतच नाहीत. डेअरीच्या भाषेत सांगायचं तर वरची साय काढून घ्यायची आणि खालच्या दुधाची फॅट लावून म्हणायचं, या गोठ्यातल्या म्हशीच हलक्या. संकलन केंद्रावर असं कुणी केलं तर भांडण होईल. प्रवेशाच्या यादीवर आपण ते दरवर्षी करतो.

दुसरी चूक यापेक्षा बारीक आहे, आणि शिकलेली माणसंही ती करतात. समजा, दोन गट आहेत. एकाची सरासरी 720 पैकी 280, दुसऱ्याची 240. दोन्हीकडे गुणांचा पसारा सारखाच, म्हणजे प्रमाण विचलन 135 च्या आसपास, आणि वितरण घंटेच्या आकाराचं. (नीटचं खरं वितरण इतकं गुळगुळीत नसतं, पण मुद्दा कळायला हे पुरे.) चाळीस गुणांचा फरक. आता दोन्ही गटांतून एकेक पोरगं डोळे मिटून उचला. शंभरातल्या साधारण बेचाळीस वेळा 'मागच्या' गटातलं पोरगं 'पुढच्या' गटातल्यापेक्षा जास्त गुणांचं निघेल. म्हणजे गट सांगितला म्हणून माणूस ओळखता येतो असं काही नाही, नाणं उडवण्यापेक्षा थोडं बरं इतकंच. पण रेघ 550 वर मारली की चित्र पालटतं. पहिल्या गटातले हजारात तेवीस वर येतात, दुसऱ्यातले अकरा. दुपटीचा फरक. मधोमध जो फरक जवळजवळ नजरेत येत नव्हता, तो टोकाला जाऊन डोंगराएवढा दिसतो. मेडिकलची यादी म्हणजे टोकच. त्या टोकावर उभं राहून सबंध समाजाविषयी बोलणं म्हणजे पन्हाळ्यावर उभं राहून कोल्हापूर जिल्हा डोंगराळ आहे असं सांगणं. सपाट रानातले शिरोळवाले हसतील.

आणि गट म्हणजे तरी काय? आपल्याच डोळ्यांदेखत झालेलं सांगतो. 2014 मध्ये मराठा समाजाला आरक्षणाचा अध्यादेश निघाला, तो उच्च न्यायालयात अडकला. 2018 मध्ये कायदा झाला, 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकांसाठी (ईडब्ल्यूएस) दहा टक्के आले. 2024 मध्ये मराठा समाजासाठी पुन्हा नवा कायदा (एसईबीसी), पुन्हा दहा टक्के. शिवाय कुणबी नोंदी सापडलेले वेगळे. माझ्या ओळखीत असं घर आहे, जिथे थोरला ओपनमधून इंजिनिअर झाला, मधली ईडब्ल्यूएसमधून गेली आणि धाकटा एसईबीसीचा फॉर्म भरून बसला. एकाच चुलीवरचं जेवण, एकच अभ्यासाची खोली. प्रत्येक कायद्यासरशी कटऑफचे आकडे हलले, ओपनचा हलला, बाकीच्यांचेही हलले. पोरांचे मेंदू मात्र होते तिथेच होते. ज्या आकड्याला मुंबईतला एक कायदा एका रात्रीत वर-खाली करतो, त्याच्यावरून रक्ताचे निष्कर्ष काढायचे?

तर मग फरक येतो कुठून? काहीतरी फरक आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मिसळीच्या टेबलावर मी कागलच्या पाव्हण्यांना एवढंच विचारलं, की यंदा तुमच्या रानात ऊस कोणता? म्हणाले, 86032 आणि थोडा 265. लागण कधीची? एक तुकडा आडसाली, एक सुरू, बाकी खोडवा. एकरी टनेज सारखं पडतं का? ते माझ्याकडे, या मास्तराला शेतीतलं काय कळतं, अशा नजरेनं बघत म्हणाले, "कसं पडंल? आडसाली सोळा-अठरा महिनं उभा. सुरू बाराच."

आडसाली जुलै-ऑगस्टात लावतात, तो दोन पावसाळे बघतो. सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीतली, एका वर्षात कारखान्याला जाते. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक. बेणं एकच, 86032. टनेज वेगळं. आजवर एकाही शेतकऱ्याने या फरकावरून बेण्याच्या जातीविषयी मत बनवलेलं मी ऐकलं नाही. जमीन काळी की मुरमाड, पाणी पाटाचं की ठिबकचं, भरणी वेळेत झाली का, हे सगळं तो आधी विचारतो आणि मग बेण्यावर येतो. प्रवेश परीक्षेच्या बाबतीत हाच माणूस सुरुवातच बेण्यापासून करतो.

आडसाली पोरं म्हणजे रिपीटर, जादा वर्ष घेऊन पुन्हा परीक्षेला बसणारी. ही काही माझी कल्पना नाही, आकडे आहेत. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने 2021 मध्ये नीटचा परिणाम तपासला. 2016-17 मध्ये, बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असताना, एमबीबीएसला लागलेल्यांत रिपीटर होते 12.47 टक्के. 2020-21 मध्ये ते झाले 71.42 टक्के. दहातले सात. त्याच काळात तमिळ माध्यमाची, खेड्यातली आणि सरकारी शाळांतली मुलं यादीत कमी झाली. राजन समितीने यावरून नीटच नको असा निष्कर्ष काढला. तो मला पटत नाही, त्याचं पुढे बोलतो. पण आकड्यांनी जे उघड केलं ते पक्कं आहे: या परीक्षेतून आत जाणाऱ्यांत एक वर्ष जास्त मिळालेल्यांचाच मोठा हिस्सा आहे. एक वर्ष घरी बसून, लातूरला किंवा कोटाला राहून, खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी भरून, वर कमाई शून्य ठेवून अभ्यास करणं कुणाला परवडतं आणि कुणाला नाही, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

जवळून बघायचं असेल तर एक रविवार सांगतो. आम्ही चार-पाच शिक्षक मिळून सराव परीक्षा घेतो. फी नाही, ओएमआर उत्तरपत्रिका आम्हीच छापून आणतो. 180 प्रश्न, 180 मिनिटं, बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक, खऱ्यासारखंच. एक मुलगी राधानगरीच्या वरच्या अंगाच्या गावातून पहाटेच्या एसटीने येऊन रंकाळा स्टँडवरून चालत यायची. दुसरा मुलगा शहरातल्या राजारामपुरीतला, बारावीनंतर वर्षभर क्लास केलेला. दोघांच्या उत्तरपत्रिका मी त्या दिवशी शेजारी ठेवून तपासल्या. मुलाने 176 प्रश्न सोडवलेले, 124 बरोबर, 52 चूक. गुण 444. मुलीने सोडवलेच 118. त्यातले 104 बरोबर, 14 चूक. गुण 402. बेचाळीस गुणांनी मुलगा पुढे.

आता याच दोन उत्तरपत्रिका दुसऱ्या अंगाने बघा. हात घातलेल्या प्रश्नांपैकी तिचे 88 टक्के बरोबर, त्याचे 70. तिने 62 प्रश्न कोरे ठेवले होते. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, नक्की येत नव्हतं. चुकलं तर एक जातो." गणित असं आहे की चारपैकी एक पर्याय डोळे झाकून निवडला तरी चार वेळात एकदा चार मिळतात आणि तीन वेळा एकेक जातो, म्हणजे प्रश्नामागे सरासरी पाव गुण पदरात. तोटा नाहीच. आणि दोन पर्याय खोडता आले, तर प्रश्नामागे दीड गुण. 62 प्रश्नांचे 93. त्या हिशेबाने ती 495 वर गेली असती. ते सगळेच 62 प्रश्न तिला अर्धे येत होते असं मी म्हणत नाही, पण बऱ्याच ठिकाणी पेन्सिलची फिकट खूण करून तिने ती पुसलेली होती. त्यातल्या पंचवीस-तीस खुणा बरोबर पर्यायावर होत्या. मी मोजल्या.

मुलाला हे सगळं क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आधी जीवशास्त्र पंचेचाळीस मिनिटांत, मग रसायन, मग भौतिक. दोन पर्याय खोडले की ठोकायचं. याला आपल्याकडे 'पेपर काढायची टेक्निक' म्हणतात. हे ज्ञान आहे का? आहे, पण ते शरीरशास्त्राचं नाही. तिच्या गावात ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि घरात चुकण्याची किंमत नेहमीच जास्त असल्यामुळे खात्री नसताना हात घालायचा नाही, हे तिने लहानपणापासून बघितलेलं. हा नुसता माझा कयास नाही. कॅथरीन बाल्डिगा या संशोधिकेने 2014 मध्ये प्रयोगातून दाखवलं की चुकीला गुण कापले जातात तेव्हा तेवढीच माहिती असलेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देतात. अमेरिकेच्या सॅट या महाविद्यालय प्रवेशाच्या परीक्षेत 2016 पासून चुकीच्या उत्तराचे गुण कापणं बंदच केलं. आपल्या एमएचटी-सीईटीतही उणे गुण नाहीत. नीटमध्ये आहेत.

मुलींचा विषय निघालाच आहे तर ही गंमत बघा. महाराष्ट्राच्या बारावीच्या निकालात दरवर्षी मुलींची बाजी. 2024 मध्ये मुली 95.44 टक्के उत्तीर्ण, मुलं 91.60. वर्तमानपत्रांचा मथळा ठरलेला. त्याच पोरी आयआयटीच्या परीक्षेत (जेईई) मात्र इतक्या कमी की 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढाव्या लागल्या आणि प्रमाण हळूहळू वीस टक्क्यांवर आणावं लागलं. एकीकडे बारावीच्या सगळ्या शाखा, दुसरीकडे आयआयटीला बसणारे मोजकेच, हा फरक धरूनही प्रश्न उरतोच: बोर्डाच्या निकालावरून मुली हुशार ठरवायच्या की जेईईच्या निकालावरून मुलगे? जो गट एका परीक्षेत पुढे आणि दुसरीत मागे, त्याच्याविषयी यातला कोणता आकडा 'खरी बुद्धी' सांगतो? माझ्या मते दोन्ही नाही. बोर्ड नेटाने लिहिणाऱ्याला गुण देतं, जेईई दोन-चार वर्षं खास तयारी करून घेतलेल्याला. आणि कोटाला मुलाला एकटं पाठवतात, मुलीला पाठवताना घरात तीन बैठका होतात.

बेण्यावर बोट ठेवायची खोड जुनी आहे, आणि ती फक्त आपली नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करण्यासाठी. ती अमेरिकेत गेली आणि हेतू उलटा झाला. पहिल्या महायुद्धात तिथे लाखो सैनिकांच्या चाचण्या घेतल्या. एक प्रश्न असा, की क्रिस्को म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को ही तिथल्या वनस्पती तुपाची छाप. काल बोटीतून उतरलेल्या इटालियन शेतमजुराला हे माहीत नसलं तर तो मंदबुद्धी. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांनी हे आकडे घेऊन 1923 मध्ये उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांच्याच तक्त्यात दिसत होतं की अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिलेला माणूस, तितके त्याचे गुण जास्त. वीस वर्षं राहिलेल्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या जवळपास. आडसाली! समोर वाढून ठेवलेलं उत्तर. ब्रिगम यांनी त्याचा अर्थ असा लावला की पूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे होते, आता हलके येतात. याच ब्रिगम यांनी पुढे 1926 मध्ये सॅट परीक्षा उभी केली. माणूस प्रामाणिक म्हणायचा, कारण 1930 मध्ये त्यांनी स्वतःचा वंशाविषयीचा निष्कर्ष निराधार असल्याचं लिहून टाकलं. तोवर अमेरिकेत स्थलांतरितांवर बंधनं घालणारा 1924 चा कायदा होऊन बसला होता.

आपल्याकडचा एक प्रयोग मला यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या सहाशेहून जास्त मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर न करता दिली तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या तुकडीत प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, आणि नंतर तीच कोडी दिली. दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, पोरंही त्याच गावांतली.

हे वाचलं तेव्हा मला माझाच एक विद्यार्थी आठवला. नोकरीची पहिली काही वर्षं, मी उत्साही. स्टाफरूमच्या दारात एक मुलगा सराव परीक्षेचे गुण दाखवायला आला. मी कागद बघितला आणि पाठीवर थाप मारून म्हणालो, "छान. तुझ्या कॅटेगरीला एवढे पुरेत." मला वाटलं मी धीर दिला. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी त्या वेळी बघितलं नाही, नंतर आठवून आठवून बघितलं. त्या वर्षी उरलेल्या सगळ्या परीक्षांत त्याचे गुण बरोबर त्याच आकड्याभोवती फिरत राहिले. मी त्याला रेघ आखून दिली होती आणि तो आज्ञाधारक मुलगा होता. गटाचा कटऑफ वाचून एका माणसाला तो लावायचा, ही चूक त्या दिवशी माझ्या हातून झाली.

आता दुसऱ्या बाजूचं. वरचं सगळं वाचून काहीजण लगेच म्हणतील, मग परीक्षाच बंद करा, ती पैसेवाल्यांची आहे. अमेरिकेत हे करून झालं. कोरोनाच्या काळात बहुतेक विद्यापीठांनी सॅट ऐच्छिक केली. एमआयटीने 2022 मध्ये ती परत आणली, डार्टमथने 2024 मध्ये. कारण परीक्षा गेली की उरतात शिफारसपत्रं, निबंध, घोडेस्वारीची आणि व्हायोलिनची प्रमाणपत्रं, आणि ती तर श्रीमंतांची आणखीच मक्तेदारी. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये मांडलेल्या आकड्यांत सॅटमध्ये श्रीमंतांची मुलं कितीतरी पुढे होतीच. पण तेवढेच गुण असलेल्यांतही नामवंत खाजगी विद्यापीठं सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या मुलांना जास्त घेत होती, आणि ते परीक्षेबाहेरच्या गोष्टींच्या जोरावर. आपल्याकडे परीक्षा काढली तर काय उरेल? प्रात्यक्षिकाचे 'द्यायचे' गुण, ओळखीपाळखी आणि पैशांची पेटी. राधानगरीच्या त्या मुलीला मी शिफारसपत्राच्या रांगेत उभी करणार नाही. ओएमआर उत्तरपत्रिकेला निदान तिचं आडनाव वाचता येत नाही.

आणि पैशाचं मेरिट आजही आहेच. खाजगी मेडिकल कॉलेजांत पंधरा टक्के संस्थात्मक कोटा असतो. तिथले शेवटचे गुण कुठवर उतरतात, ते कुणी कॅटेगरीच्या कटऑफशेजारी मांडून मिसळ खाताना चर्चा करत नाही. 2023 मध्ये तर पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची पात्रता रेघ सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली होती, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. गुणवत्तेची काळजी करणारे आमच्याकडचे बरेच त्या आठवड्यात गप्प होते.

पण परीक्षेवर दोष टाकून मोकळं होणाऱ्यांना एक गोष्ट मान्य करावी लागेल, आणि ती माझ्याच बाजूच्या लोकांना आवडत नाही. कमी गुण पुष्कळदा खरोखर कमी येतं म्हणूनच पडतात. ज्याला 150 मिळाले त्याला पेशीविभाजन किंवा मोल संकल्पना आलेली नाही, आणि अन्याय झालाय म्हणून ती येणार नाही. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी होती 42.8 टक्के. त्यांच्यातली काही सात वर्षांनी नीटला बसतील. परीक्षा त्या दिवशी जो फरक दाखवेल, तो पाचवीत तयार झालेला असेल, फक्त कुणी मोजून पेपरात छापला नसेल. परीक्षेला शिव्या दिल्या की ती पाचवी सुटते, ती शाळा सुटते, आणि आपण पालक-शिक्षकही सुटतो.

आत गेल्यावर काय होतं, तेही बघायला हवं. 'कमी गुणांचे डॉक्टर' ही भीती घालणाऱ्यांनी निदान अभियांत्रिकीचा एक अभ्यास बघावा. बागडे, एपल आणि टेलर यांनी 2016 मध्ये एका राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची माहिती तपासली. आरक्षणामुळे राखीव गटातल्या मुलांना चांगली कॉलेजं मिळाली, आणि झेपत नाही म्हणून ती तिथे बुडाली असं आढळलं नाही. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी रेल्वेच्या उत्पादकतेवर आरक्षणाचा वाईट परिणाम झाल्याचा पुरावा शोधला, तो मिळाला नाही. प्रवेशाच्या दिवशीचे गुण हा प्रवासाचा पहिला थांबा. अंतिम परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर असतो आणि उत्तीर्णतेची रेघही एकच.

आमच्या गावाला हे खरं तर शिकवायची गरज नव्हती. दसरा चौकात उभं राहिलं की चारी बाजूंना बोर्डिंगं दिसतात. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला पन्नास टक्के जागांचा जाहीरनामा काढला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मराठा बोर्डिंग हे वसतिगृह त्याच्या एक वर्ष आधीचं, 1901 चं. मग 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. घोड्यांच्या तोबऱ्याची गोष्ट मी सांगत नाही, ती कोल्हापुरात प्रत्येक भाषणात होते आणि तिच्या टाळ्यांत वसतिगृहं विसरली जातात. महाराजांनी काय ओळखलं होतं? की खेड्यातल्या मुलाला कमी पडतात ते रात्रीचे तास: दिवा, पाट, दोन वेळचं जेवण, आणि शेजारी अभ्यास करणारा दुसरा कुणीतरी. जाहीरनाम्याने शेवटची खुर्ची ठेवली, बोर्डिंगने तिथवर जायचे महिने दिले. सुरू लागणीला आडसालीचे दिवस मिळवून देणं, असं कागलवाल्यांना सांगितलं तर लगेच पटेल.

मग आज काय करायचं? माझी मागणी अगदी कारकुनी आहे. कारखान्याच्या नोंदीत प्रत्येक प्लॉटची लागणीची तारीख असते, ऊस आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा हे असतं, जात असते, क्षेत्र असतं. त्यावर तोडणीचा कार्यक्रम लागतो. नीटच्या निकालाबरोबर कोणते तक्ते येतात? राज्य, प्रवर्ग, मुलगे-मुली. बारावी कोणत्या वर्षी झाली हे फॉर्ममध्ये भरून घेतात, पण पहिल्याच प्रयत्नातले किती पात्र आणि दुसऱ्या-तिसऱ्यातले किती, हा रकाना जाहीर होणाऱ्या तक्त्यात नसतो. मग लोक ज्या रकान्याचे आकडे छापलेत त्याच्यावरच भांडणार ना? जात छापली की कारण जातच दिसणार. राज्याच्या सीईटी कक्षाने सुरुवात करावी: प्रयत्न कितवा, बारावीपर्यंतचं माध्यम, शाळा जिल्हा परिषदेची, अनुदानित की विनाअनुदानित, आणि तालुका. नावं नकोत, नुसते तक्ते. पहिल्या वर्षी ओरड होईल, क्लासवाले आधी ओरडतील. आणि मेडिकल कॉलेजांनी पहिल्या ते अंतिम वर्षापर्यंतचे निकाल प्रवेशाच्या गुणांशी जोडून प्रसिद्ध करावेत, म्हणजे 720 मधले ते शंभर गुण पुढे किती टिकतात तेही कळेल.

हे सगळं मी त्या दिवशी दुकानात बोललो नाही. एवढं बोलायला मिसळ दोनदा थंड झाली असती. ऊस आणि टनेजपाशीच आमचं बोलणं अडलं. पाव्हणे जरा वेळ रश्श्यात पाव बुडवत बसले. मी विचारलं, "पोरगं पहिल्यांदाच बसलं होतं का यंदा?"

"न्हाय, दुसऱ्यांदा," ते म्हणाले. "एक साल लातूरला ठेवलं हुतं की."

मी काही बोललो नाही. त्यांनीच मान वर करून बघितलं, आणि हसू आवरत म्हणाले, "म्हंजे आमचं आडसाली म्हणा की." मग बिलाला हात घालत, एकदम गंभीर होऊन, "पण सर, खोडवा ठेवू काय आणि एक साल? काय म्हणता?"

मी म्हटलं, पोराला विचारा.